फुंकणीचा हिरवा दिवा

गौतमी माळगे मेसच्या रांगेत कोसळली, तेव्हा ती यादीत पहिली होती.

यादी जेवणघराच्या दारावरच्या पडद्यावर असायची. पहिल्या वर्षाच्या एकशे अठरा मुली, एकशे अठरा नावं, प्रत्येक जेवणानंतर वरखाली होणारी. गौतमीला उचलून बाहेर नेलं, रुग्णवाहिका आली आणि गेली, तरी तिचं नाव वरच होतं. नावाशेजारी हिरवा ठिपका होता. दुपारी यादी पुन्हा बदलली, तेव्हाही तो हिरवाच होता.

हे कसं झालं ते क्रमाने सांगायला हवं. नंतर बऱ्याच लोकांनी ते उलट्या क्रमाने सांगायचा प्रयत्न केला.

जूनमध्ये सोलापूरबाहेरच्या त्या विज्ञान महाविद्यालयात हेमांगी टोणपे आणि गौतमी एकाच दिवशी दाखल झाल्या. वसतिगृहात खोली क्रमांक चौदा. हेमांगी बार्शीची, कमी बोलणारी, वहीत तारखेखाली रेघ मारून मगच लिहायला लागणारी. गौतमी अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली, गोल चेहऱ्याची, खोलीत पाय टाकल्यापासून बोलणारी.

"आईनं दोन महिन्यांची कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिलीय," ती पिशवी उपसत म्हणाली, "आणि वर सांगितलंय, बारीक होऊन ये. आता दोन्ही कसं जमायचं तूच सांग."

तो प्रश्न संध्याकाळपर्यंत सुटला. रेक्टर बिराजदार मॅडमनी पिशवी जप्त केली. वसतिगृहात नोंद नसलेलं अन्न चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मेसमधल्या नव्या यंत्राच्या कंपनीचे देवस्थळी सर आले. पांढरे बूट, हसरा चेहरा. "घर सुटतं," ते म्हणाले. "आई ताटाशी नसते. सकाळी उठवायला कुणी नसतं. वडापाव, बिस्किटं, चहा. पहिल्या वर्षात किती मुलींचं वजन वाढतं आणि किती जणी ॲनिमिक होतात, हे तुम्हाला माहीत नाही. आम्हाला माहीत आहे. आम्ही तुमची आई होणार."

"मिशीवाली आई," गौतमी हेमांगीच्या कानाशी म्हणाली.

त्यांचं यंत्र जेवणाच्या काउंटरअलीकडे बसवलेलं होतं. कमरेएवढा खांब, त्याला एक नळी, अंगठा ठेवायला काच, पायाखाली वजनाची पाटी. कंपनीने त्याला लांबलचक संस्कृत नाव दिलं होतं. वाढणाऱ्या मंगलमावशी ते बघून म्हणाल्या, "ही तर आमच्या चुलीपुढची फुंकणी की." मग तेच नाव राहिलं.

त्यामागचं विज्ञान अवघड नव्हतं. शरीराला ऊर्जा लागते. साखर हाताशी असेल तर ते साखर जाळतं, नसेल तर साठवलेली चरबी. चरबी जळताना यकृतात काही पदार्थ तयार होतात. त्यांतला एक म्हणजे ॲसिटोन. तो रक्तातून फुफ्फुसांत येतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. प्रमाण अगदी थोडं, दहा लाख भाग हवेत एखादा भाग, पण फुंकणीतल्या संवेदकाला तेवढं पुरत होतं. श्वासात ॲसिटोन जास्त, म्हणजे चरबी जळतेय. चरबी जळतेय, म्हणजे मुलगी व्यायाम करतेय आणि बेताने जेवतेय. म्हणजे मुलगी निरोगी. या साखळीतलं पहिलं विधान विज्ञानाचं होतं. पुढची दोन विक्री विभागाची होती.

आकडा दोनच्या वर गेला की हिरवा दिवा, आणि मोकळं ताट. हवं ते घ्या. दोनच्या खाली राहिला की लाल दिवा. मग चिठ्ठी निघायची, अर्धी भाकरी, काकडी, वाटीभर ताक. ताटाखालच्या काट्यावर त्याहून एक ग्रॅमही जास्त झालं, तर काउंटरचं फाटक उघडत नसे. दहाच्या वर गेला तर भोंगा वाजायचा आणि रेक्टरांना संदेश जायचा, कारण इतकी चरबी जाळणारी मुलगी बहुधा उपाशी राहत असणार. एवढी काळजी त्यांनी घेतली होती.

श्वासाचे गुण, वजन उतरल्याचे गुण, चाललेल्या पावलांचे गुण, प्यायलेल्या पाण्याचेही गुण. पाण्याचा नळ बाटली ओळखायचा. यादीतल्या पहिल्या साठ मुलींनाच पुढच्या वर्षी वसतिगृहात जागा मिळणार होती.

गौतमी पहिल्या आठवड्यात एकशे बाराव्या क्रमांकावर होती.

"खोली गेली तर अण्णा सरळ गावी नेणार," ती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "सूक्ष्मजीवशास्त्र राहिलं बाजूला. तालुक्याला जाऊन मिळेल ते शीक म्हणतील. मला ही खोली पाहिजे, हेमांगी."

दोघी पहाटे मैदानाला फेऱ्या मारायला लागल्या. तिसऱ्या फेरीला गौतमी कंबरेवर हात ठेवून थांबायची. "तू हो पुढं. मी रस्ता झाडत येते."

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी फुंकणीने बोंब मारली. दिवसभर निरंकार उपास केलेल्या बावीस मुलींचे आकडे दहाच्या वर गेले. भोंगा थांबेना. बिराजदार मॅडमच्या फोनवर बावीस संदेश. उपास सोडायला वाढलेलं ताट समोर थंड होत होतं आणि फाटक बंद.

"देवाचं नाव घेऊन बसल्या पोरी, आणि हे मेलं केकाटतंय," मंगलमावशी म्हणाल्या.

हेमांगी मेस समितीत पहिल्या वर्षाची प्रतिनिधी होती. तिने त्या बावीस मुलींचे आकडे घेतले. सर्वांत मोठा चौदा होता. तिने त्याला पाचाने गुणलं, सुरक्षित अंतर म्हणून, आणि सुवाच्य अक्षरात एक पान लिहिलं: यंत्रावर 'उपास' असं बटण द्यावं आणि ते दाबलेलं असताना भोंग्याची मर्यादा दहाऐवजी सत्तर करावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बटण आलं. चार जिल्ह्यांतल्या अकरा वसतिगृहांत एकाच वेळी आलं. बिराजदार मॅडमनी सगळ्यांसमोर हेमांगीची पाठ थोपटली. तिला बरं वाटलं. इतक्या लगेच कसं आलं, हा प्रश्न तिला पडला नाही.

सप्टेंबरच्या मध्यापासून गौतमी यादीत वर चढायला लागली.

आधी शंभरावी, मग ऐंशीवी. बत्तीसावी झाली त्या दिवशी तिने खोलीत नाच केला. वजन चौसष्टवरून साठवर आलं, मग सत्तावन्नवर. ड्रेस ढगळ झाले. "काय खातेस गं?" मुली विचारायच्या. ती खरं सांगायची, "सगळं. दोन-दोन ताटं." कुणाचा विश्वास बसायचा नाही. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "गालफडं बसली की गं, छान दिसायलीस. असंच ठेव."

तिला तहान लागायची. दिवसाला सात-आठ बाटल्या. नळ प्रत्येक बाटलीला गुण द्यायचा. इतकं पाणी प्यायल्यावर बाथरूमला जावं लागायचं, रात्रीतून पाच वेळा, लांब ओवरीच्या टोकापर्यंत. मनगटावरचा पट्टा ती पावलं मोजायचा आणि गुण द्यायचा. सकाळच्या फेऱ्या तिने सोडून दिल्या, कारण पाय दुखायचे. तरी पावलं कमी झाली नाहीत.

आजाराची चार लक्षणं होती. चारही लक्षणांना गुण होते.

नवरात्र लागलं. नऊ दिवसांचे नऊ रंग. मुलींनी ओढण्या काढल्या, बांगड्या काढल्या, आणि त्या वर्षीची नवी टूम म्हणजे रोजच्या रंगाचं नेलपेंट. संध्याकाळी खोल्या-खोल्यांतून कालचा रंग पुसला जायचा. कापूस, रिमूव्हरची बाटली, तो नाकात चढणारा गोडसर वास. सगळ्या ओवरीत तोच वास.

गौतमीने घटस्थापनेला उपास धरला आणि बटण दाबलं. बिराजदार मॅडमनीच सूचना लावली होती, नऊ दिवसांचं एकदाच दाबा, रोज रांग नको.

तिसऱ्या दिवशी तिला उलटी झाली. "पित्त," ती म्हणाली. "साबुदाणा बाधला." चौथ्या दिवशी ती अंथरुणावर पडून मोठे मोठे श्वास घ्यायला लागली, पळून आल्यासारखे.

"तू रिमूव्हर सांडलंस का गं?" हेमांगीने विचारलं. "केवढा वास येतोय."

"हेमांगी, मी आज नेलपेंट लावलंच नाही." गौतमीने नखं दाखवली. कालचा पिवळा तसाच होता. "शेजारच्या खोलीतून येत असेल."

हेमांगीने खिडकी उघडली आणि जर्नल लिहायला बसली. प्रयोग सातवा, कीटोनची ओळख. ॲसिटोनच्या गुणधर्मांत तिने लिहिलं: रंगहीन, ज्वलनशील, विशिष्ट गोडसर वास.

पाचव्या दिवसाचा रंग हिरवा होता. सकाळी नऊला गौतमी भिंतीला धरून रांगेत उभी राहिली. अंगठा ठेवला, फुंकर मारली. आकडा एकसष्ट. उपास चालू असल्यामुळे भोंगा वाजला नाही. हिरवा दिवा लागला, अक्षरं उमटली, 'अभिनंदन गौतमी! आज तुम्ही पहिल्या आहात.' तिने मान वळवून हेमांगीकडे पाहिलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि खाली गेली.

रुग्णालयात डॉ. शेख नावाच्या बाईंनी तिच्या तोंडाशी वाकून एकदा श्वास घेतला आणि तपासणीचे कागद यायच्या आधीच सलाइन आणि इन्सुलिनचं सांगितलं. तिची प्रकृती जरा स्थिरावल्यावर त्या हेमांगीसमोर बसल्या.

"स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी असतात. हिच्या रोगप्रतिकारक शक्तीने त्या मारून टाकल्यात. का, ते नेमकं सांगता येत नाही. हिचा दोष नाही, खाण्याचा नाही, कुणाचा नाही. इन्सुलिन नाही म्हणून रक्तातली साखर पेशींत शिरत नाही. रक्तात साखर भरलेली आणि पेशी उपाशी. मग शरीर चरबी जाळत सुटतं, बेफाम. त्यातून आम्लं तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. रात्री आणली असतीत तर मी काही करू शकले नसते." त्यांनी चष्मा काढला. "खूप पाणी पीत होती?"

"हो."

"वजन उतरलं?"

"हो."

"मग एवढ्या सगळ्या मुली, रेक्टर, ते यंत्र... कुणी काही म्हणालं नाही?"

"म्हणालो ना," हेमांगी म्हणाली. "अभिनंदन म्हणालो."

चौकशी समिती दिवाळीच्या सुट्टीआधी बसली. प्राचार्य, बिराजदार मॅडम, देवस्थळी सर. टेबलावर चहा, चकल्या आणि एक टाइप केलेलं निवेदन होतं. विद्यार्थिनीने स्वतः उपास-बटण दाबले. यंत्र ठरलेल्या मर्यादेत योग्य रीतीने चालले. खाली हेमांगीच्या सहीची जागा होती.

"बाळ, सही करून टाक," प्राचार्य म्हणाले. "तुझ्याही दृष्टीने ते बरं. बटणाची सूचना तुझीच आहे. आम्हाला ते पान पुढे करायचं नाहीये."

"करा पुढे," हेमांगी म्हणाली. "माझं गणित चुकलं होतं. मी फक्त निरोगी मुलींचे आकडे घेतले. एका दिवसाच्या निरंकार उपासाचे घेतले आणि नऊ दिवसांच्या फराळी उपासाला लावले. पाचानेच का गुणलं, तर मला पाच बरा वाटला. पण सर, मी अठरा वर्षांची आहे. मी बारावीचं रसायनशास्त्र शिकून आले होते. माझं पान तुम्ही चोवीस तासांत अकरा वसतिगृहांत लावलंत. ते कुणी तपासलं?"

देवस्थळी सर हसले. "वापरणाऱ्यांच्या सूचनांना आम्ही नेहमीच तत्परतेने..."

"कुणी तपासलं?"

देवस्थळींनी चहाचा कप उचलला.

"गौतमी चार दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू खात होती. दोन-दोन वेळा घेत होती. तुमच्या काट्याने ते ग्रॅममध्ये मोजलंय. एवढं पिष्ट खाणाऱ्या निरोगी माणसाच्या श्वासात एकसष्ट येत नाही. येऊच शकत नाही. दोन्ही आकडे एकाच यंत्रात होते, एका नावाखाली. ते शेजारी ठेवून बघायला कुणाला नेमलं होतं?"

"हे बघ, आवाज..." बिराजदार मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तिची भाकरी तुम्ही जप्त केलीत, कारण तिची नोंद नव्हती. मग ज्याची नोंद होती त्याचं काय केलंत?"

तिने सही केली नाही. समितीने ठराव केला, अहवाल येईपर्यंत यंत्रणा चालू ठेवावी, कारण गुणपद्धती सत्राच्या मध्ये बदलता येत नाही.

सुट्टीनंतर गौतमी परत आली. अण्णा सोडायला आले होते. त्यांनी पेटी खोलीत ठेवली, टोपी काढून हातात घेतली आणि हेमांगीला म्हणाले, "पोरी, हिला सुई टोचल्यावर जेवायला उशीर चालत नाही म्हणं. बघशील ना?"

"बघते, काका."

गौतमीचं वजन सहा किलोंनी वाढलं होतं. गाल पुन्हा गोल झाले होते. तिने सव्वाबाराला साखर तपासली, दोन भाकऱ्या आणि भाताचा हिशोब करून पोटाला इन्सुलिन टोचलं, आणि दोघी रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर तिचं नाव अगदी तळाला होतं, एकशे अठरावं.

तिने अंगठा ठेवला, फुंकर मारली. शून्य पूर्णांक सहा. रक्तातली साखर आता पेशींत जात होती, म्हणून शरीराला चरबी जाळायची गरज नव्हती. गेल्या दोन महिन्यांत ती पहिल्यांदा बरी होती. लाल दिवा लागला. 'वजनात वाढ. कृपया प्रयत्न वाढवा.' चिठ्ठी निघाली, अर्धी भाकरी, काकडी, ताक.

"मावशी, हिला दोन भाकऱ्या द्या," हेमांगी म्हणाली. "तिने इन्सुलिन घेतलंय. तेवढं खाल्लं नाही तर साखर खाली जाईल."

मंगलमावशींनी दोन भाकऱ्या ताटात ठेवल्या. काटा ओरडला, फाटक हललं नाही. "देते गं बाई, देते की. पण हे सोडंना." त्यांनी फाटकाला लाथ घातली. "मॅडमना बोलवा कुणीतरी."

मॅडम बैठकीला गावात गेल्या होत्या. कंपनीचा मदत क्रमांक म्हणाला, तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

"खिशात साखर आहे माझ्या," गौतमी हळू आवाजात म्हणाली. "तेवढी खाते. राहू दे."

"ती साखर संकटासाठी आहे. जेवण हे संकट नाहीये!"

हेमांगीचा आवाज एवढा मोठा असू शकतो हे कुणाला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. ती वळली आणि धावत खोली क्रमांक चौदामध्ये गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात कापूस होता आणि दुसऱ्या हातात नवरात्रातली रिमूव्हरची बाटली, लेबलवर 'ॲसिटोन' लिहिलेली.

तिने कापसावर दोन थेंब टाकले आणि तो नळीच्या तोंडाशी धरला.

"अंगठा ठेव."

गौतमीने अंगठा ठेवला.

आकडा चढला. एक, तीन, सहा. आठावर हेमांगीने कापूस मागे घेतला. हिरवा दिवा लागला. 'अभिनंदन गौतमी! चरबीचे उत्तम ज्वलन. असेच चालू ठेवा.' फाटक कडकन उघडलं.

क्षणभर कुणाला काय झालं ते कळलं नाही. मग मंगलमावशींनी तिसरी भाकरी टाकली आणि वर तूप सोडलं. "खा. डॉक्टरनं सांगितलंय तेवढं खा, उरलं तर मी हाय."

गौतमी रांगेतून बाहेर पडून पहिल्याच बाकावर बसली आणि जेवायला लागली. घास तोंडात असतानाच तिने हेमांगीकडे पाहिलं. "म्हणजे मी नेलपेंट काढायच्या बाटलीइतकीच निरोगी होते?"

"तेवढीच," हेमांगी म्हणाली.

रांगेत मागे शर्मिष्ठा नावाची मुलगी होती. उंच, हाडकुळी. हिरव्यासाठी ती सप्टेंबरपासून रात्रीचं जेवत नव्हती, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. ती पुढे आली. फुंकणीला तोंड न लावता तिने हात पसरला. "बाटली इकडे दे."

तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. बाटली हातोहात मागे गेली. कुणी घोषणा दिल्या नाहीत. एकेक मुलगी यायची, अंगठा ठेवायची, कापूस धरायची, आणि भरलेलं ताट घेऊन जायची. शर्मिष्ठा दोन भाकऱ्यांपुढे बराच वेळ नुसती बसून होती. मग तिने पहिला तुकडा मोडला. मागे ओवरीतून कुणीतरी आणखी दोन बाटल्या आणल्या.

त्या दुपारी यादीत एकशे अठरा हिरवे ठिपके होते.

संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं. कोणत्याही वसतिगृहाने आजवर न गाठलेली शंभर टक्के कामगिरी, महाविद्यालयाचे हार्दिक अभिनंदन. खाली देवस्थळींची सही. बिराजदार मॅडमनी ते आनंदाने सूचनाफलकावर लावलं. हेमांगीने ते काढलं, त्याची प्रत करून घेतली आणि पुन्हा जागच्या जागी लावलं.

मग ती खोलीत आली. टेबलाशी गौतमी बोटाला सुई टोचून साखर बघत होती. "एकशे बत्तीस," ती म्हणाली. "हा आकडा लिही कुठंतरी. हा खरा आहे."

हेमांगीने कोरं पान घेतलं, वर तारीख टाकली आणि खाली रेघ मारली. समितीपुढील निवेदन. पहिल्या ओळीत तिने स्वतःची चूक लिहिली, सगळी, गुणाकारासकट. दुसऱ्या परिच्छेदापासून बाकीच्यांच्या. शेवटी कंपनीचं पत्र जोडलं, गौतमीचा आकडा लिहिला, आणि टाइप केलेल्या निवेदनावर जी सही केली नव्हती ती या पानावर केली.

रिकामी बाटली तिने पुसून पिशवीत ठेवली. उद्या समितीच्या टेबलावर, चहाच्या कपांच्या मध्ये, ती ठेवायची होती.